२० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आणि आपली जुनी वाहने : अनुभव, शंका आणि उपाय

कृष्णाकाठ (मिरज), १४ सप्टेंबर २०२५

नमस्कार. माझ्याकडे २००८ सालची कार्बोरेटरची १२५ सीसी मोटारसायकल आणि २०१२ सालची लहान पेट्रोल कार आहे. मोटारसायकल वडिलांनी निवृत्तीच्या वर्षी घेतली होती. ती आजही घरातल्या सगळ्यांच्या उपयोगाची आहे आणि ती विकण्याचा विचार आमच्या मनात नाही. गेल्या वर्षभरात मात्र ती आठ-दहा दिवस उभी राहिली की सुरू होताना त्रास देते, आणि पूर्वी लिटरला ५८ किलोमीटर चालणारी गाडी आता ५४ वर आली आहे.

इथेनॉलचे, म्हणजे ऊस किंवा धान्यापासून काढलेल्या अल्कोहोलचे, मिश्रण आमच्या गावाला तसे नवे नाही. २००१ साली देशात पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे जे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले, त्यांपैकी महाराष्ट्रातले दोन मिरजेला आणि मनमाडला होते. तेव्हा कोणाला काही जाणवले नाही. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला, तेव्हाही फारशी चर्चा झाली नाही. आता पंपावर सर्वत्र २० टक्क्यांचे पेट्रोल आहे आणि कमी मिश्रणाचा पर्याय मिळावा अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबरला फेटाळली आहे. म्हणजे हेच इंधन वापरायचे आहे, हे मी गृहीत धरतो.

मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांपैकी निम्मे म्हणतात की इंजिन संपले, आणि उरलेले म्हणतात की काहीच होत नाही. मला या दोन्हींचा उपयोग नाही. ॲव्हरेजमधली घट नक्की किती धरावी, जुन्या गाडीतले कोणते भाग खरोखर खराब होतात आणि ते वाचवण्यासाठी काय करावे, हे ज्यांनी स्वतः पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

---

वर्कशॉप_गुरुजी (नाशिक), १४ सप्टेंबर

कृष्णाकाठ, तुमचा प्रश्न नेमका आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा विषय अनेक वर्षे शिकवला आहे.

पहिली गोष्ट उष्मांकाची. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, तर एक लिटर इथेनॉलपासून सुमारे २१. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या एका लिटरमध्ये निव्वळ पेट्रोलपेक्षा साधारण ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी असते, आणि १० टक्के मिश्रणाशी तुलना केली तर साधारण साडेतीन टक्के. यात इंजिनाचा काही दोष नाही. लिटर तेवढाच राहिला आणि त्यातला ऐवज कमी झाला, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट हवेच्या प्रमाणाची. इथेनॉलच्या रेणूत वजनाच्या जवळपास ३५ टक्के प्राणवायू आधीच असतो. त्यामुळे एक किलो निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागत असेल, तर २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ किलो पुरते. इंजेक्शनच्या गाडीत धुराच्या मार्गावर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखतो आणि संगणक इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. कार्बोरेटरला असे काही समजत नाही. त्याच्या जेटचे भोक जेवढे आहे तेवढेच इंधन जाते, मिश्रण लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, थंड इंजिन चटकन पकडत नाही आणि चढावर गाडी दम टाकते. तुमच्या मोटारसायकलचा सकाळचा त्रास निदान अंशतः यातलाच आहे.

इथेनॉलची जमेची बाजूही सांगितली पाहिजे. त्याचा ऑक्टेन अंक, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याची क्षमता, १०८ च्या आसपास आहे आणि बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून इंजिनात येणारे हवा-इंधनाचे मिश्रण थंड करते. ज्या इंजिनाचे कॉम्प्रेशन वाढवून ते या इंधनासाठीच जुळवले आहे, ते या गुणांचा फायदा घेऊ शकते. २००८ चे इंजिन तो घेऊ शकत नाही.

---

नोंदवही (पुणे), १५ सप्टेंबर

माझ्या २०१६ च्या इंजेक्शनच्या कारच्या प्रत्येक टाकीची नोंद माझ्याकडे आहे. दर वेळी त्याच पंपावर, नोझल पहिल्यांदा बंद होईपर्यंत भरायचे आणि किलोमीटर लिहून ठेवायचे, एवढीच माझी पद्धत. २०२२ ची सरासरी १५.८ होती आणि या वर्षी ऑगस्टपर्यंतची सरासरी १५.१ आहे, म्हणजे घट साडेचार टक्क्यांच्या आत आहे. गाडीत दुसरा कोणताही दोष नाही. ‘ॲव्हरेज निम्मे झाले’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा सलग दहा टाक्यांची नोंद ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

---

पन्हळ (रत्नागिरी), १५ सप्टेंबर

माझे दुचाकीचे गॅरेज आहे आणि वर्कशॉप गुरुजींनी जे सांगितले ते मी रोज हाताने अनुभवतो. मात्र आमच्या बाजूला ॲव्हरेजपेक्षा पाण्याचा प्रश्न मोठा आहे.

इथेनॉल पाणी ओढून घेते. जुलै महिन्यात आमच्याकडे हवाच ओली असते. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी पंधरा दिवस पडवीत उभी राहिली की झाकणाच्या श्वासाच्या छिद्रातून ती ओल आत जाते. त्यातच टाकीच्या झाकणाचे रबर चिरलेले असेल तर पावसाचे पाणी थेट उतरते. निव्वळ पेट्रोलमध्ये पाणी तळाशी वेगळे बसायचे, आम्ही कार्बोरेटरच्या तळाच्या इंधनकप्प्याचा, म्हणजे फ्लोट चेंबरचा, स्क्रू सैल करून ते सोडून द्यायचो आणि काम भागायचे. आता थोडे पाणी इंधनातच मुरते आणि इंजिनातून जळूनही जाते, हा फायदाच म्हणावा लागेल. पण मर्यादेबाहेर पाणी झाले की ते एकटे वेगळे होत नाही. ते इथेनॉललाही बरोबर घेऊन तळाशी बसते. पेट्रोल कॉकचे तोंड तळाशी, म्हणजे इंजिनाला तो थरच मिळतो आणि गाडी जागेवर बंद पडते. अशा वेळी चेंबर रिकामा करून भागत नाही, पूर्ण टाकी उपसावी लागते.

कार्बोरेटरची बॉडी जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या चेंबरमध्ये आता पांढरी भुकटी सापडते. ती पायलट जेटमध्ये, म्हणजे गाडी जागेवर चालू असताना इंधन देणाऱ्या बारीक भोकात, अडकते. पायलट जेटचे भोक केसाएवढे असते, त्यामुळे गाडी आयडलला टिकत नाही आणि मालकाला वाटते की इंजिन गेले. इंजिन ठीक असते, दोन तासांच्या साफसफाईचे काम असते.

---

जुनी_स्कूटर (ठाणे), १५ सप्टेंबर

पन्हळ यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे. पण सगळा दोष नव्या इंधनाचा नाही, हेही नोंदवावेसे वाटते. मी जुन्या दुचाकी पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम छंद म्हणून करतो. पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या टाकीच्या आतल्या बाजूला गंज आणि पेट्रोलचा चिकट थर साचलेला असतो. इथेनॉल हा उत्तम द्रावक आहे, त्यामुळे तो थर सुटतो आणि पहिल्या काही टाक्यांमध्ये फिल्टर व जेट पुन्हा पुन्हा चोंदतात. लोक चौथ्या दिवशी गॅरेजला येतात आणि इंधनाला दोष देतात, पण ती घाण आधीपासूनच गाडीत होती. टाकी एकदा नीट धुऊन घेतली, कॉकची जाळी बदलली आणि मध्ये पारदर्शक फिल्टर लावला, तर माझ्या अनुभवाप्रमाणे निम्म्याहून अधिक तक्रारी तिथेच संपतात.

रबराची भीती मात्र खरी आहे. जुन्या साध्या नायट्राइल रबराच्या नळ्या आणि ओ-रिंग इथेनॉलमध्ये फुगतात, आणि गाडी उभी राहून कोरडी पडली की आक्रसून कडक होतात. फ्लोटच्या सुईचे रबरी टोकही असेच निकामी होते आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होऊ लागतो. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणे हा आगीचा धोका आहे, म्हणून या भागात काटकसर करू नये. फ्लुओरोइलास्टोमरच्या, म्हणजे बाजारात ज्यांना व्हायटॉनच्या म्हणतात त्या नळ्या आणि ओ-रिंग मागून घ्याव्यात. जुन्या मोटारसायकलच्या पूर्ण संचाचा खर्च एका भरलेल्या टाकीपेक्षा जास्त येत नाही.

---

नवी_गाडी (कोल्हापूर), १५ सप्टेंबर

माझी स्कूटर २०२४ ची आहे. मला काळजी करण्याचे कारण आहे का?

---

वर्कशॉप_गुरुजी (नाशिक), १५ सप्टेंबर

नवी_गाडी, नाही. एप्रिल २०२३ पासून देशात विकली जाणारी पेट्रोल वाहने २० टक्के मिश्रणाला टिकणाऱ्या साहित्याची आहेत आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनांची जुळवणीही त्याच इंधनासाठी केली जाते. तुमच्या वाहनाच्या माहितीपुस्तिकेत आणि बहुधा टाकीच्या झाकणाजवळच्या चिकटपट्टीवर ‘ई २०’ असे लिहिलेले असेल. खरा प्रश्न त्याआधीच्या गाड्यांचा आहे, आणि रस्त्यावर त्यांचीच संख्या मोठी आहे.

---

ताळेबंद (डोंबिवली), १६ सप्टेंबर

तांत्रिक माहिती उत्तम मिळाली. पण घटीचा भार कोणी सोसायचा, हा प्रश्न बाजूला राहू नये असे मला वाटते.

नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने जून २०२१ मध्ये जो आराखडा दिला, त्यातच घटीचे अंदाज दिलेले आहेत. मूळ निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींमध्ये ३ ते ४ टक्के, आणि १० टक्क्यांसाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये १ ते २ टक्के. म्हणजे ही घट कोणाला अनपेक्षित नव्हती.

आता हिशेब करू. महिन्याला १००० किलोमीटर धावणारी, लिटरला १५ किलोमीटर देणारी जुनी कार ६ टक्क्यांच्या घटीने १४.१ वर येते. पूर्वी ६६.७ लिटर लागत, आता ७०.९ लागतात. १०४ रुपये दर धरला तर महिन्याला सुमारे ४४० रुपये जास्त. ५० किलोमीटर देणाऱ्या दुचाकीला ३ टक्क्यांच्या घटीने तेवढ्याच अंतरासाठी ६५ रुपयांच्या आसपास जास्त लागतात. एकेका घराला ही रक्कम प्राणघातक नाही, पण ती खरी आहे. त्याच आराखड्यात असेही सुचवले होते की ग्राहकाला या घटीची भरपाई व्हावी म्हणून मिश्रित इंधनाची किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावी. पंपावर तसे काही घडले नाही. पेट्रोलियम मंत्रालयाचे म्हणणे असे की २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात इथेनॉलचा सरासरी खरेदी दर वाहतूक आणि कर धरून लिटरला ७१.३२ रुपये पडला, म्हणजे ते शुद्ध केलेल्या पेट्रोलपेक्षा महागच आहे. हा खुलासा मान्य केला तरी प्रश्न उरतोच. आपण ऊर्जा विकत घेतो आणि पैसे लिटरवर मोजतो. राष्ट्रीय हितासाठी हे आवश्यक असेल तर तसे सांगून दर ठरवावा, ‘घट नगण्य आहे’ असे सांगू नये.

---

उसाचा_फड (शिरोळ), १६ सप्टेंबर

ताळेबंद यांचा हिशेब मला मान्य आहे. मी स्वतः मोटारसायकल चालवतो, मलाही ते ६५ रुपये लागतात. तरीही मी या मिश्रणाच्या बाजूने उभा आहे, आणि का ते सांगतो.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. प्रत्यक्षात साखरेचा दर पडला की कारखान्याचे हात बांधले जातात आणि आमचे बिल महिनोन्‌महिने लांबते. मुलांची फी, सोसायटीचे कर्ज, पुढच्या लागणीचे खत, सगळे त्या एका बिलावर अडते. साखर विकायला वर्ष लागते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून काही आठवड्यांत येतात. ज्या हंगामात आमच्या कारखान्याने मळीबरोबर उसाच्या रसापासूनही इथेनॉल केले, त्या हंगामात आमचे बिल वेळेवर आले. डिसेंबर २०२३ मध्ये रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधन आले, तेव्हा तेच चक्र पुन्हा मागे फिरले. ऑगस्ट २०२४ मध्ये बंधन उठले, पण ज्यांनी कर्ज काढून आसवनी, म्हणजे इथेनॉल काढण्याचा प्रकल्प, वाढवली होती त्यांचे ते वर्ष कोणी भरून दिले नाही.

शहरातल्या मित्रांना एवढेच सांगणे आहे की तुमच्या टाकीतल्या त्या पाचव्या हिश्शात आमचा घाम आहे, ती भेसळ नाही. मोबाइलवरच्या संदेशांत तिला भेसळ म्हटलेले वाचले की मनाला लागते.

---

मांजराकाठ (लातूर), १६ सप्टेंबर

उसाचा_फड, तुमच्या भावनेचा मी आदर करतो. भेसळ हा शब्द चुकीचाच आहे. परंतु पाण्याचा उल्लेख न करता हा विषय पूर्ण होत नाही.

ताळेबंद यांनी ज्या आराखड्याचा आधार घेतला, त्यातच असेही म्हटले आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यासाठी सुमारे २८६० लिटर पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या शहराला रेल्वेने पाणी आले होते. ते धागाकर्त्याच्या मिरजेहूनच आले होते, पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत ५० हजार लिटर पाणी होते. आम्ही ती गाडी येताना पाहिली आहे आणि मिरजकरांचे ते ऋण आम्ही विसरलेलो नाही. त्या पाच लाख लिटर पाण्याला इथेनॉलच्या मापात बसवले तर दोनशे लिटरही भरत नाहीत. कृष्णाकाठी ऊस असणे आणि मांजराकाठी ऊस असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथेनॉलचा दर चांगला मिळू लागला की आमच्याकडेही नव्या लागणी वाढतात.

---

उसाचा_फड (शिरोळ), १६ सप्टेंबर

मांजराकाठ, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे नदी आहे म्हणून आम्ही निर्धास्तपणे बोलतो, हे खरे आहे. फक्त एवढे जोडतो की ठिबकवरचा ऊस आणि पाटपाण्याचा ऊस यांत पाण्याचा मोठा फरक पडतो, आणि इथेनॉलचे पैसे ठिबकसाठी वळवता आले तर दोघांचेही भले होईल.

---

खुराडे (संगमनेर), १७ सप्टेंबर

चर्चा उसाभोवती फिरते आहे, म्हणून एक दुरुस्ती. आता देशातल्या इथेनॉलचा अधिक वाटा उसाऐवजी धान्यातून, आणि त्यातही मक्यातून येतो. मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१.८६ रुपये दर आहे, तर साखर काढून घेतल्यावर शेवटी उरणाऱ्या, म्हणजे सी-हेवी, मळीच्या इथेनॉलला ५७.९७ रुपये.

माझा कुक्कुटपालनाचा व्यवसाय आहे आणि कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून अधिक भाग मक्याचा असतो. पूर्वी मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये आयात करू लागला. मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याला दर मिळाला याचा मला आनंद आहे, माझ्या माहेरीही मका होतो. पण अंड्याचा दर त्या प्रमाणात वाढत नाही आणि आमच्यासारख्या लहान व्यावसायिकांना मधल्या मध्ये तग धरणे कठीण जाते. आसवनीतून उरणारा चोथा, ज्याला डीडीजीएस म्हणतात, तो खाद्यात काही प्रमाणात चालतो, पण मक्याची पूर्ण जागा घेऊ शकत नाही.

---

आसवनी (सोलापूर जिल्हा), १७ सप्टेंबर

मी एका कारखान्याच्या आसवनीत रसायनज्ञ म्हणून काम करतो. पन्हळ यांनी पाण्याबद्दल जे लिहिले त्याचे मूळ आमच्याकडे आहे, म्हणून थोडी भर घालतो.

मळी आंबवून मिळणारे मद्य ऊर्ध्वपातनाने शुद्ध करत गेले तरी ९५-९६ टक्क्यांपुढे जात नाही. त्यापुढे पाणी आणि अल्कोहोल एकत्रच उकळतात. उरलेले पाणी काढण्यासाठी ती वाफ मॉलिक्युलर सिव्ह नावाच्या खनिज गोळ्यांच्या थरातून नेतात. गोळ्यांची छिद्रे एवढी सूक्ष्म असतात की पाण्याचा रेणू आत शिरतो आणि अल्कोहोलचा रेणू बाहेर राहतो. अशा रीतीने जवळपास निर्जल झालेले इथेनॉल टँकरने डेपोला जाते आणि तिथे पेट्रोलमध्ये मिसळले जाते. इतक्या कष्टाने काढलेले पाणी ते संधी मिळताच परत घेते. म्हणून टँकरचे झाकण, डेपोची टाकी आणि पंपाची जमिनीखालची टाकी या तिन्ही ठिकाणची कोरडेपणाची शिस्त आमच्या शुद्धतेइतकीच महत्त्वाची आहे.

ज्यांना आपल्या पेट्रोलमधले प्रमाण पाहायचे आहे त्यांच्यासाठी सोपी चाचणी आहे. १०० मिलिलिटरचे अंशांकित काचेचे नळकांडे घ्यावे, त्यात १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल घालावे, बूच लावून हलवावे आणि काही मिनिटे स्थिर ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर वाढतो. २० टक्के मिश्रण असेल तर तो २८ च्या आसपास दिसतो. हे उघड्यावर, आगीपासून दूर करावे आणि ते मिश्रण गटारात ओतू नये.

---

दूरदेशी (साओ पावलो), १८ सप्टेंबर

इथे मी नऊ वर्षे राहतो. ब्राझीलने हा कार्यक्रम १९७५ मध्ये, तेलाच्या संकटानंतर सुरू केला. २०१५ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये २७ टक्के इथेनॉल असे आणि या वर्षी १ ऑगस्टपासून ते ३० टक्के झाले आहे. त्यावरून मला भारतातले मित्र विचारतात की तिथे चालते तर इथे का नाही. उत्तर असे की इथे गाड्या आधी त्यासाठी तयार झाल्या. २००३ पासून फ्लेक्स-फ्युएल गाड्या आल्या आणि आता विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या कोणत्याही प्रमाणावर चालतात. पंपावर पेट्रोल आणि निव्वळ इथेनॉल शेजारी शेजारी मिळतात. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर इथेनॉल भरायचे, हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत असते, कारण इथेनॉलवर गाडी साधारण तेवढेच अंतर कापते. ताळेबंद जो ऊर्जेचा हिशेब मागत आहेत, तो इथे ग्राहक रोज पंपावर करतो आणि दोन नोझलपैकी एक निवडतो.

---

मक्याचे_रान (आयोवा), १८ सप्टेंबर

दूरदेशी यांना दुजोरा. इथे १० टक्के सर्वसामान्य आहे, १५ टक्क्यांच्या नोझलवर ‘२००१ आणि त्यानंतरच्या गाड्यांसाठी’ अशी पट्टी असते, आणि माझ्या घराजवळच्या पंपावर इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचे वेगळे नोझल आहे. लोक ते गवत कापायच्या यंत्रासाठी आणि बोटीसाठी नेतात. हिवाळ्यात यंत्र पाच महिने उभे राहणार असेल तर कार्बोरेटर कोरडा करूनच ठेवतात.

---

नोंदवही (पुणे), १८ सप्टेंबर

वर्कशॉप गुरुजींनी सेन्सरबद्दल लिहिले होते, म्हणून मी माझ्या कारला तिच्या संगणकातले आकडे वाचणारे ओबीडीचे उपकरण जोडून पाहिले. दीर्घकालीन फ्युएल ट्रिम अधिक ७ टक्के दाखवते, म्हणजे संगणक मूळ जुळवणीपेक्षा तेवढे इंधन जास्त सोडतो आहे. याचा अर्थ मी बरोबर लावते आहे ना?

---

वर्कशॉप_गुरुजी (नाशिक), १८ सप्टेंबर

ताई, अर्थ अगदी बरोबर आहे. अधिक १० पर्यंत निर्धास्त राहा. त्यापुढे गेले तर इथेनॉलला धरून बसू नका, इंजेक्टर, पंपाचा दाब किंवा कुठे हवा शिरते आहे का ते तपासा.

कार्बोरेटरवाल्यांसाठी सेन्सरचे काम स्पार्क प्लग करतो. दहा किलोमीटर चालवून प्लग काढून पाहा. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे, पांढरेफटक असेल तर लीन आहे. बरेच फिटर फक्त हवेचा स्क्रू फिरवतात, त्याने आयडल सुधारते पण वेगात काही बदलत नाही. गरज असेल तर मेन जेट एक क्रमांकाने मोठा करावा, त्याहून जास्त नको. आणि बाटलीतली ‘इथेनॉलनाशक’ औषधे घेऊ नका, इथेनॉल नाहीसे करणारे कोणतेही औषध नाही.

---

ताळेबंद (डोंबिवली), १९ सप्टेंबर

विम्याबद्दल कोणी विचारण्याआधीच लिहितो. २० टक्के मिश्रण वापरल्याने वाहनाचा विमा रद्द होत नाही, असा खुलासा पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्टमध्ये केला आहे. माझे मूळ म्हणणे मात्र दूरदेशी आणि मक्याचे_रान यांच्या अनुभवाने अधिक पक्के झाले. प्रत्येक तालुक्यात एका पंपावर तरी १० टक्क्यांचे नोझल पुढची दहा वर्षे ठेवावे. तेवढ्या काळात जुनी वाहने आपोआप कमी होतील आणि उसाचा_फड यांच्या बिलावरही त्याचा फारसा परिणाम होणार नाही.

---

उसाचा_फड (शिरोळ), १९ सप्टेंबर

यावर माझी काहीच हरकत नाही.

---

कृष्णाकाठ (मिरज), १२ ऑक्टोबर

सर्वांचे मनापासून आभार. काय केले ते सविस्तर कळवतो.

पन्हळ आणि जुनी_स्कूटर यांच्या सल्ल्याप्रमाणे मोटारसायकलची टाकी उतरवून धुतली. तळातून गंजाचा चमचाभर गाळ निघाला. कॉकची जाळी एका बाजूला फाटलेली होती. पेट्रोलची नळी बाहेरून चांगली दिसत होती, पण वाकवल्यावर कॉकजवळच्या टोकाला बारीक चिरा दिसल्या आणि बोटाला ओल लागली. म्हणजे काही पेट्रोल इंजिनात न जाता बाहेरच उडत होते. नळी, ओ-रिंग आणि फ्लोटची सुई बदलली. प्लगचे टोक पांढुरके होते, म्हणून मेन जेट एक क्रमांकाने वाढवला, आता ते फिकट तपकिरी दिसते. आसवनी यांची चाचणी एका महाविद्यालयीन मित्राच्या प्रयोगशाळेतले नळकांडे आणून केली, खालचा थर २७ आणि २८ च्या मध्ये आला.

नोंदवही ताईंच्या पद्धतीने चार टाक्या मोजल्या. सरासरी ५६ आली. पूर्वीच्या ५८ शी तुलना केली तर साडेतीन टक्क्यांच्या जवळपास घट उरते, आणि गुरुजींनी व ताळेबंद यांनी सांगितलेल्या अंदाजात ती बसते. बाकीची घट चिरलेल्या नळीची आणि चोंदलेल्या जाळीची होती, जी मी वर्षभर इंधनाच्या नावावर लिहीत होतो. आता आठवडाभर बाहेरगावी जायचे असेल तर टाकी पूर्ण भरून ठेवतो, कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू देतो, म्हणजे चेंबर कोरडा राहतो. काल नऊ दिवसांनी दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. वडील ओट्यावर बसले होते, आवाज ऐकून उठून बाहेर आले.

कारचे काम अजून बाकी आहे. २०१२ च्या इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीच्या आत असतो. त्याचे सील बदलण्यासाठी टाकी उतरवावी लागते की मागच्या सीटखालच्या झाकणातून काम होते, हे कोणी केले असल्यास कळवावे.

---

पन्हळ (रत्नागिरी), १२ ऑक्टोबर

त्या काळातल्या बऱ्याच लहान गाड्यांना मागच्या सीटखाली झाकण असते. सीट उचलून आधी पाहून घ्या. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, टाकी पावपेक्षा कमी भरलेली असू द्या, आणि पंपाचे मोठे गोल सील नवीन मिळाल्याशिवाय जुने उघडू नका. इथेनॉलमध्ये फुगलेले सील एकदा काढले की पुन्हा त्याच खाचेत बसत नाही.